हंगाम संपवून आई घरी येते, तेव्हा लेकरू तिच्यापासून लांब का पळतं?

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरी देवीची मोठी यात्रा भरते. डोंगरावरच्या देवळातून निघालेली पालखी आमराईकडे जाते आणि वाटेत चुन्याच्या रानात खडे वेचायला भाविकांची झुंबड उडते. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव त्या दिवसांत माणसांनी फुलून जातं.

यात्रेचे दिवस आणि साखर कारखान्यांची धुराडी थंडावण्याचे दिवस जवळजवळ एकच. त्यामुळे बालाघाटच्या रांगांमधल्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीला गेलेली माणसं या सुमारास घरी परतत असतात किंवा नुकतीच परतलेली असतात.

आणि त्याच दिवसांत अनेक घरांत एक गोष्ट घडते, जिची चर्चा फारशी होत नाही. पाच-सहा महिन्यांनी आई दारात येते. तीन वर्षांचं लेकरू आजीच्या पदराआड दडतं. आईनं हात पुढे केला की भोकाड पसरतं. आठ-नऊ वर्षांचं असेल तर रडत नाही. खाऊची पिशवी घेतं आणि खेळायला निघून जातं, जणू आई बाजारातूनच आली आहे.

आईच्या जिवाला ते लागतं. "आजीनं लाडावून ठेवलंय", "पोरगं मला विसरलं", असं बोलणं होतं. सासू-सुनेत त्यावरून कुरबूर होते. कधी पोराच्या पाठीत धपाटाही बसतो.

खरं तर पोरगं विसरलेलं नसतं.

आधी हंगाम समजून घेऊ

महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांची संख्या साधारण आठ ते बारा लाखांच्या घरात सांगितली जाते. बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना, लातूर अशा जिल्ह्यांतल्या कोरडवाहू भागांतून ही माणसं निघतात आणि पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर पोचतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती उचल घरखर्चात, दवाखान्यात, लग्नात किंवा जुनं देणं फेडण्यात संपते. मग दसरा-दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर-ट्रक भरून टोळ्या निघतात.

या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. म्हणजे कामाचं मोजमापच दोघांचं आहे. एकानं जायचं आणि एकानं पोरांजवळ थांबायचं, ही सोय त्यात नाही. शेतमजुरी किंवा गवंडीकामासाठी बाप एकटा शहरात जातो तेव्हा आई घरी असते. ऊसतोडीत दोघंही एकाच दिवशी जातात आणि एकाच दिवशी परततात. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर हा फरक फार मोठा आहे.

मग घरात निवड होते. अंगावर पिणारं किंवा अगदी लहान मूल सोबत जातं. शाळेत जाणारी मुलं आजी-आजोबांकडे राहतात. आणि पुष्कळदा दहा-बारा वर्षांची थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणून फडावर नेली जाते. ही निवड कुणी दुष्टपणानं करत नाही. पण मुलांना ती समजावूनही कुणी सांगत नाही.

मुलाच्या मनात नेमकं काय होतं?

याचं उत्तर शोधायला थोडं लांब जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी हे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन आईपासून दुरावलेल्या लहान मुलांचं निरीक्षण करत होते. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत मुलांना भेटायला आई-बापांना फारसं येऊ देत नसत. आई आली की मूल रडतं, म्हणून न आलेलीच बरी, असा समज होता. रॉबर्टसननं 1952 साली आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर माहितीपट केला. मूल शांत दिसतं म्हणजे ते रमलंय असं नाही, हे त्यात डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं लागलं.

या निरीक्षणांतून तीन टप्पे पुढे आले. आधी मूल आकांत करतं, दाराकडे धावतं, आईला हाका मारतं. मग आवाज बंद होतो. ते मलूल होतं, खात नाही, एका जागी बसून राहतं. तिसऱ्या टप्प्यात ते पुन्हा खेळू-बोलू लागतं आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण त्या टप्प्यात मुलानं आईची वाट पाहण्याचं दुःख आत कुलूप घालून ठेवलेलं असतं. म्हणून आई प्रत्यक्ष समोर आली की ते कोरडं वागतं. ज्या माणसाच्या जाण्यानं एवढं दुखलं, त्याच्याजवळ पुन्हा लगेच जायला मन धजत नाही.

म्हणजे पदराआड दडणारं लेकरू आईला ओळखत नाही, असा अर्थ काढणं चुकीचं आहे. ते आईवर रुसलंय, आणि ती पुन्हा जाईल याला घाबरतंय.

पुढे 1960 च्या दशकाच्या शेवटी जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या जोडप्यानं आणखी काही मुलांवर माहितीपट केले. त्यांतला 17 महिन्यांचा जॉन, आई बाळंतपणासाठी गेली असताना नऊ दिवस एका पाळणाघरवजा संस्थेत राहिला. तिथं सांभाळणाऱ्या बाया पाळीप्रमाणे बदलत होत्या. कुणी एक अशी त्याची नव्हती. नवव्या दिवशी आई आली तेव्हा त्यानं तिला जवळ येऊ दिलं नाही. इतर काही मुलांना मात्र रॉबर्टसन दांपत्यानं स्वतःच्या घरी सांभाळलं. मुलाचं अंथरूण, खेळणी सोबत आणली. आईचा फोटो ठेवला, तिच्याबद्दल रोज बोलत राहिले. ही मुलंही दुःखी झाली, पण जॉनसारखी कोलमडली नाहीत.

नऊ दिवस आणि पाच महिने यांची तुलना सरळ होत नाही, हे खरं. पण सुगावा महत्त्वाचा आहे. दुरावा टाळता येत नसेल, तर दोन गोष्टींनी मोठा फरक पडतो. सांभाळणारं माणूस एकच आणि मायेचं असणं, ही एक. आणि गेलेल्या आईचा विषय घरात बंद न होणं, ही दुसरी.

ही कुरकुर जगभरातली आहे

चीनमध्ये शहरात कामाला गेलेल्या आई-बापांची खेड्यात राहिलेली मुलं हा मोठा राष्ट्रीय प्रश्न आहे. तिथल्या महिला महासंघानं 2013 साली अशा मुलांची संख्या सहा कोटींहून अधिक असल्याचं सांगितलं होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2018 साली अशा विषयावरच्या 111 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यातले बहुतेक अभ्यास चीनमधलेच होते. आई-बाप स्थलांतरित झालेल्या मुलांमध्ये नैराश्याचा धोका इतर मुलांच्या जवळपास दीडपट आढळला. चिंता, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, कुपोषण यांचंही प्रमाण जास्त होतं. घरी पैसे आल्यानं मुलांच्या आरोग्याला फायदा झाला, असंही या आढाव्यात दिसलं नाही.

हे आकडे बालाघाटच्या पोरांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. चीनमधलं स्थलांतर वर्षानुवर्षांचं असतं, इथलं हंगामी. पण हंगामी स्थलांतरात एक वेगळीच अडचण आहे. घडी बसते न बसते तोच ती मोडते, आणि हे दरवर्षी होतं. दहा वर्षांच्या मुलानं आई-बापांना आठ-नऊ वेळा जाताना पाहिलेलं असू शकतं.

खोड्या, पोटदुखी आणि गप्प बसणं

मुलं "मला उदास वाटतंय" असं म्हणत नाहीत. त्यांचं शरीर आणि वागणं बोलतं. चार-पाच वर्षांचं मूल, जे रात्री कोरडं झोपत होतं, ते पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. अंगठा चोखतं. आजी परसाकडे गेली तरी मागे धावतं. शाळेतल्या मुलाचं सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि शाळा सुटायच्या वेळी राहतं. कुणी वर्गात मारामाऱ्या करतं, कुणाचं अक्षर बिघडतं. आजी-आजोबा याला खोडी म्हणतात, शाळेत याला दुर्लक्ष म्हणतात.

थोडी मोठी मुलं सगळ्यांत फसवी. तेरा-चौदा वर्षांची मुलगी घरात राहिली तर आजीला पाणी भरू लागते, भाकरी करते, धाकट्यांचा अभ्यास घेते. सगळे तिचं कौतुक करतात. "पोरगी लई समजूतदार." पण ती हसायची कधी थांबली, मैत्रिणींकडे जायची कधी बंद झाली, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. फडावर नेलेल्या मुलीची गत आणखी कठीण. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात आणि ती कोपीवर धाकट्याला कडेवर घेऊन राहते. तिची शाळा सुटते, आणि बालपणही. मुलगी वयात आली की तिच्या सुरक्षिततेच्या काळजीनं हंगामाआधीच लग्न उरकण्याचा विचार घरात सुरू होतो. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणं गुन्हा आहे. मुलांसाठीच्या 1098 या मोफत क्रमांकावर अशी माहिती कळवता येते.

एक-दोन आठवडे मूल चिडचिडं झालं तर घाबरायचं कारण नाही. पण महिना उलटला तरी झोप, भूक, शाळा आणि खेळ यांतलं काहीच रुळावर येत नसेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि मूल मरणाबद्दल बोललं तर ती धमकी किंवा नाटक समजू नये. एकदा बोललं तरी त्याच दिवशी मदत घ्यावी, तोवर त्याला एकटं सोडू नये.

झोपेत सोडून जाणं

टोळी निघते तेव्हा बऱ्याच घरांत एकच युक्ती वापरली जाते. मूल झोपलेलं असताना निघायचं. रडारड नको, पाय निघत नाही, म्हणून. यामागची माया खोटी नाही. पण मुलाच्या हिशेबानं काय होतं? डोळे मिटले तेव्हा आई होती, उघडले तेव्हा नव्हती. म्हणजे डोळे मिटणंच धोक्याचं. मग महिनाभर ते मूल झोपायला तयार होत नाही, आणि झोपलं तरी आजीचं लुगडं मुठीत धरून झोपतं.

रडारड झाली तरी चालेल, पण निरोप समोरासमोर घ्यावा. आठवडाभर आधीपासून सांगावं. आम्ही कुठे जाणार, काय काम करणार, तू कुणाजवळ राहणार, रात्री कुणाजवळ झोपणार. "तू त्रास दिलास म्हणून चाललो" असं गमतीतही बोलू नये. लहान मुलं तसंही सगळ्या गोष्टींचं खापर स्वतःवर फोडून घेतात.

परत कधी येणार, हा प्रश्न अवघड असतो. कारखाना कधी बंद होणार हे मजुराच्या हातात नसतं. तारीख दिली आणि ती चुकली तर मुलाचा भरवसा तुटतो. त्यापेक्षा सणांचा हिशेब सोपा. दिवाळी होईल, मग संक्रांत, मग शिमगा, मग पाडवा, आणि येडाईच्या यात्रेच्या आसपास आम्ही येऊ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाच्या हातानं एकेक सण खोडला की न संपणारा काळ मोजता येण्याजोगा होतो.

आईची एखादी वापरलेली साडी गोधडीवर ठेवून जाणं, ही अनेक घरांतली रीत वेडेपणाची नाही. रॉबर्टसन दांपत्यानं फोटो आणि अंथरुणातून जे साधलं, तेच ही साडी साधते. तो वास मुलाला धीर देतो.

फोनवर काय बोलायचं?

आता बहुतेक टोळ्यांमध्ये मोबाइल असतो. तरी फोनवर मूल बोलतच नाही, अशी तक्रार असते. कारण प्रश्न ठरलेले असतात. जेवलास का, अभ्यास केलास का, आजीला त्रास देतोस का. तीन "हो" किंवा "नाही" झाले की संवाद संपतो.

त्यापेक्षा आईनं स्वतःचं सांगावं. आज फडात ससा दिसला, कोपीवर पाणी गळलं, बैलानं वाढं खाल्लं. मग मूलही शेळीचं, मास्तरांचं, भांडणाचं सांगू लागतं. फोन रोज व्हावा असं नाही. आठवड्यातून दोनदा झाला तरी चालेल, पण ठरलेल्या वेळी व्हावा. गाडी भरायला उशीर झाला आणि फोन जमला नाही, तर आवाज ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सअपवर पाठवता येतो. मूल तो दहा वेळा ऐकतं. फोन ठेवताना मूल रडलं म्हणून फोनच बंद करणं हा उपाय नव्हे. वर सांगितलेल्या रुग्णालयांनी हीच चूक केली होती.

आजीचं काय?

या सगळ्यात भार पडतो तो आजीवर. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि पदरात तीन-चार नातवंडं. ती वैतागते तेव्हा तोंडून निघून जातं, "गप बस, नाहीतर तुझी माय येणारच नाही" किंवा "मीबी निघून जाईन." एरवी ही साधी दटावणी. पण ज्या मुलाची आई खरंच निघून गेली आहे, त्याला ती खरी वाटते. एवढी दोन वाक्यं टाळली तरी पुष्कळ झालं.

आजीला दोष देऊन मात्र काही साधत नाही. तिला हाताखाली माणूस लागतं. चुलती, शेजारीण, अंगणवाडी ताई, आशा ताई यांच्यापैकी कुणी आठवड्यातून एकदा जरी विचारपूस केली तरी तिचा ताण हलका होतो. नातवंडांची काळजी घेणारीची काळजी कोण घेतं, हा प्रश्न कुठल्याच योजनेच्या कागदावर ठळक दिसत नाही.

मदत कुठे मिळते?

शाळेपासून सुरुवात करता येते. मुलांनी गावात राहून शिकावं म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शाळेच्या पातळीवर, हंगामापुरती, मुलांच्या राहण्या-जेवणाची ती सोय असते. त्यासाठी टोळी निघण्याआधी मुख्याध्यापकांकडे नाव नोंदवावं लागतं. मूल सोबत जाणारच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्यावं, म्हणजे जिथं जाल तिथल्या शाळेत बसता येतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. याचा मनाशी काय संबंध, असं वाटेल. पण शाळेतली ठरलेली घंटा, ठरलेला बाक आणि ठरलेले मित्र ही अस्थिर दिवसांतली सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीची औषधं आहेत.

धाराशिव जिल्ह्यात मानसिक आरोग्याचं सरकारी काम प्रामुख्यानं शेतकरी आत्महत्यांच्या वाटेनं आलं. 2015 साली बळीराजा चेतना अभियान यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये सुरू झालं. प्रेरणा प्रकल्पातही हा जिल्हा आहे, ज्यात आशा ताई घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या आधारे ताणाखालची माणसं हेरतात. हे गरजेचंच होतं. पण त्यामुळे नजर कर्त्या पुरुषावर राहिली. त्याच घरातलं मूल, त्याच चिंतेच्या सावलीत वाढणारं, या चौकटीच्या बाहेर राहिलं. आशा ताई दारात आल्या की आजीनं नातवंडाबद्दलही बोलावं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे पाठवलं जातं.

प्रवास शक्य नसेल तर 'टेलिमानस'चा 14416 हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. ती चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. फडावर बसलेल्या आईलाही तिथून फोन करून विचारता येतं, की पोरगं बोलत नाही, काय करू?

आणि परतल्यावर

आई-बाप आले की पहिले काही दिवस घाईचे नसावेत. मुलाला ओढून कुशीत घेऊ नये. आईनं त्याच्या जवळपास बसावं, हातातलं काम करावं, अधूनमधून बोलावं. मूल आपणहून जवळ येतं, कधी तासात, कधी आठवड्यात. मध्येच ते आईला मारतं, चावतं, तिचं ऐकत नाही. हा राग बाहेर पडणं हे चांगलं लक्षण आहे, कारण तो जवळच्याच माणसावर काढता येतो. "मी गेले होते म्हणून तुला राग आलाय ना" एवढं म्हटलं तरी पुरतं. आजीकडून मूल एका दिवसात काढून घेऊ नये. पाच महिने तीच त्याची आई होती, आणि तिच्यापासून तोडणं हा मुलासाठी दुसरा दुरावा ठरतो. रात्री काही दिवस त्याला तिच्याजवळच झोपू द्यावं.

हे सगळं करूनही मूळ दुखणं उरतंच. गावात हाताला काम आणि शेताला पाणी असतं तर हा निरोपच घ्यावा लागला नसता, आणि ते काम समुपदेशनाचं नाही. पण पुढच्या हंगामाची उचल पावसाळ्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास घेतली जाते. कुणाला न्यायचं आणि कुणाला ठेवायचं, हे त्याच दिवसांत घरात ठरतं. वसतिगृहाची चौकशी करायला आणि मुलांना त्यांचं म्हणणं विचारायला तीच वेळ असते. दसऱ्याला ट्रॅक्टर दारात आल्यावर उशीर झालेला असतो.